थोरली पाती, धाकटी पाती

नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये जास्त सीसीची महाग आणि कमी सीसीची स्वस्त, एवढं सरळ गणित असतं. जुन्या बाजारात ते टिकत नाही. दहा-बारा वर्षं वापरलेली पल्सर वन फिफ्टी आणि त्याच सालची वन एटी सोलापुरात विकायला निघाल्या, की दोघींचे भाव इतके जवळ येतात की मधला फरक दोन टायर बदलण्यात संपतो. कधी कधी वन एटीच दोन-तीन हजारांनी खाली असते. का, असं विचारलं तर विकणाराच ओशाळून सांगतो, "अ‍ॅव्हरेज जरा कमी आहे, मालक." आपल्याकडे गाडीला याहून मोठी शिवी नाही.

भाच्याला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नोकरी लागली, म्हणून मी या भानगडीत पडलो. जुळे सोलापुरातून रोजचं जाणं-येणं, पगार बेताचा, म्हणून जुनी गाडी. जुनी म्हणजे पल्सर, यावर घरात एकमत होतं. भांडण फक्त आकड्यावर. ताईला वन फिफ्टी हवी होती, त्याला वन एटी. पंच म्हणून मला बोलावलं, म्हणजे दोघांचं ऐकून घ्यायला.

मध्य प्रदेशातल्या देवासला पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, राजे दोन. या दोन पल्सरींचं तसंच आहे. बजाजने २००१ साली दोघींना एकदमच गादीवर बसवलं. २०१२ च्या आसपासच्या दोन काळ्या गाड्या लांबून पाहिल्या तर टाकी तीच, तोंडावळा तोच. पेट्रोलही दोघींत १५ लिटरच मावतं. ज्याला कळतं तो मागच्या बाजूला जाऊन टायर बघतो.

आत तर फरक आणखी बारीक. पिस्टन वर-खाली जातो ते अंतर दोघींचं सारखंच, ५६.४ मिलिमीटर. वन फिफ्टीचा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ५८ मिलिमीटरचा, वन एटीचा ६३.५. म्हणजे साडेपाच मिलिमीटर रुंदी वाढवली आणि १४९ सीसीचे १७८ सीसी झाले. ताकद साधारण १५ पीएसवरून (पीएस म्हणजे अश्वशक्ती) १७ वर गेली. या साडेपाच मिलिमीटरवर आपल्याकडे कॉलेजच्या पार्किंगमध्ये पोरांची इभ्रत ठरत होती. "कितीची बे?" या प्रश्नाला "वन फिफ्टी" म्हणणारा पोरगा जरा हळू आवाजात बोलायचा, हे मी ऐकलेलं आहे.

आता हे जास्तीचे दोन पीएस सोलापुरात खर्च कुठे करायचे? सात रस्त्यावर नाही. नव्या पेठेत तर मुळीच नाही. तिथे गाडी चालते ती पायांनी ढकलत. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेच्या, दिवसांत होम मैदानाच्या आसपास दोन्ही पात्या रिक्षाच्या मागे सारख्याच ताटकळतात. शहर सपाट, वेग चाळीसच्या आत, त्यात वन फिफ्टी कुठेही कमी पडत नाही. उलट खालच्या वेगात तीच जास्त समजूतदार वाटते. थोरलीचं महत्त्व कळायला तुळजापूरच्या रस्त्याला लागावं लागतं. मागे माणूस, मांडीवर पिशवी, आणि पुढे तुळजापूरच्या अलीकडचा घाट. तिथे वन फिफ्टीचा गिअर उतरवावा लागतो आणि इंजिन ओरडायला लागतं. वन एटी त्याच गिअरमध्ये, थोडी कुरकुरत का होईना, चढून जाते. विजापूर रोडवर ट्रकला ओव्हरटेक करताना हाच फरक जिवाला धीर देतो. एरवी तो नसल्यात जमा.

खर्चाचा फरक मात्र रोजचा. वन एटीचा मागचा टायर १२०/८०, वन फिफ्टीचा १००/९०. जाड टायर महाग पडतो. पुढचे शॉकअपही जाड. विम्याची गंमत तर फार कमी लोकांना ठाऊक असते. थर्ड पार्टी विम्याचे टप्पे सीसीवर पडतात, आणि त्यातली एक रेघ बरोबर दीडशेवर आहे. जून २०२२ पासूनच्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये आणि १५० ते ३५० च्या गाडीला १,३६६ रुपये, कर वेगळा. वन फिफ्टी १४९ वर थांबून रेघेच्या अलीकडे राहते. वन एटी मात्र थेट साडेतीनशेच्या बुलेटच्या पंक्तीत जाऊन बसते, आणि ताटाचे पैसेही तेवढेच देते. भाच्याला हे सांगितलं तर त्याची छाती फुगली. मी खर्च सांगत होतो, त्याला मान ऐकू आला.

ताईचा आक्षेप वेगळाच होता, आणि मला विचाराल तर तोच सगळ्यांत वजनदार. वन एटीची सीट दोन तुकड्यांत. मागचा तुकडा उंच आणि आखूड. नऊवारी सोडाच, पाचवारी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईने त्यावर बसायचं कसं? कायद्याने मागच्या माणसाला धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि चाकाला निम्म्यापर्यंत झाकणारी जाळी लागते. हौशी पोरं सगळ्यांत आधी ती साडीची जाळीच काढून टाकतात. जुनी वन एटी बघायला गेलं, की ती जाळी आहे का, हे मी पाहतो. जाळी असेल तर गाडी घरातली. नसेल तर गाडी मित्रांतली.

कारण जुनी गाडी घेताना सीसीइतकाच आधीचा माणूस विकत घ्यावा लागतो, आणि त्याचा आकडा आरसीवर कुठेच छापलेला नसतो. आमच्या मेस्त्रींचा भरवसा फक्त यावरच. गाडी बघायला जायचं ते सकाळी, आणि मालकाला आधीच सांगून ठेवायचं की चालू करू नका. गेल्यावर पहिला तळहात इंजिनला. गरम लागलं तर समजायचं, याने आपण यायच्या आधी गाडी तापवून ठेवली. थंड असताना ती उठत नसणार. (एप्रिलमध्ये सोलापुरात सावलीतलं इंजिनही गरमच लागतं. त्या महिन्यात मेस्त्री जुनी गाडी बघायला येतच नाहीत, असा माझा संशय आहे.) मग सायलेन्सर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे सील गेले. मग इंजिनच्या झाकणाचे स्क्रू. त्यांची डोकी झिजलेली असतील तर इंजिन कुणीतरी उघडलेलं आहे, मालक कितीही शपथा घेवो. काटा तीस हजार दाखवतो आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत झालंय, तर काट्यावर नाही, रबरावर विश्वास ठेवायचा. सगळं झाल्यावर कागद: कर्जाचा बोजा उतरलाय का, चेसिस नंबर जुळतो का, १५ वर्षांची मुदत संपून पुन्हा पासिंग करायची वेळ किती जवळ आलीय.

या तपासणीत आमच्या सगळ्या समजुती उलट्या झाल्या. आम्ही पाहिलेली वन फिफ्टी गरीब, संसारी गाडी असेल असं ताईला वाटत होतं. ती निघाली टॉवेलच्या कारखान्याकडची. मागे गठ्ठे बांधून रोज दुकानोदुकानी फिरलेली. पाठीमागचं कॅरियर वाकलेलं, क्लच संपत आलेला, थ्रॉटल सोडला की निळा धूर. लहान इंजिनाकडून मोठं काम करून घेतलं की ते असं म्हातारं होतं. वन एटी होती निवृत्त होऊ घातलेल्या एका सरकारी नोकराची. त्यांच्या मुलाने हट्टाने घ्यायला लावली, मग मुलगा पुण्याला गेला आणि गाडी वडिलांकडे राहिली. हे गृहस्थ ती चाळिसाच्या वर कधी नेत नसत. रविवारी सकाळी सिद्धेश्वरला दर्शनाला, बाकीचे दिवस ऑफिस, रात्री कापडाखाली. साडीची जाळी जागेवर. मेस्त्रींनी इंजिनवर कान लावला आणि एवढंच म्हणाले, "हिला अजून कुणी पळवलेलंच नाही."

दोन पीएस जास्त असलेली गाडी दहा-बारा वर्षं ते दोन पीएस न वापरता उभी होती, आणि म्हणूनच शिल्लक होती. माझं मत तिथेच ठरलं. भावात वन फिफ्टीपेक्षा हजारच रुपये जास्त गेले. त्या गृहस्थांनी कापडही दिलं.

ताईने व्यवहाराला हरकत घेतली नाही, पण त्या सीटवर ती बसणार नाही हे तिने भाच्याला बजावून सांगितलं. "अगं आई, तुळजापूरच्या घाटात बघ कशी चढते ती," तो म्हणाला. कोजागरीला आपण सोलापूरहून तुळजापूरला चालत जातो, त्यामुळे घाटातल्या पिकअपचं तू मला सांगू नकोस, असं तिने त्याला ऐकवलं.