यंदा नाताळात आम्ही काय काय केलं नाही

नोव्हेंबर संपत आला की आमच्या वसईत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. चर्चमध्ये आगमनकाळ आणि घरोघरी धांदल. आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. फादरांचा झगा जांभळा होतो. वेदीजवळ हिरव्या पानांच्या चक्रात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती ठेवतात, दर रविवारी एक जास्त पेटते. प्रवचनात सांगतात, जरा थांबा, मन शांत करा, वाट पाहा. आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, संपवून पायऱ्या उतरतो न उतरतो तोच कोणीतरी विचारतं, "काय गं, केक झाला का तुमचा?"

मी अंधेरीला नोकरी करते. सकाळची लोकल, संध्याकाळची लोकल, आणि उरलेल्या वेळात डिसेंबर. आमच्या घरी नाताळच्या फराळाचे नऊ प्रकार होतात, म्हणजे व्हायचे. करंज्या, कुलकुल, नानखटाई, मिल्क क्रीम, दोदोल, शंकरपाळे, चकल्या, गुलाबाच्या साच्यातली बिस्किटं आणि केक. शिवाय पडदे बदलायचे, भांड्यांना कल्हई असल्यासारखी चमक आणायची, सगळ्यांचे कपडे शिवून घ्यायचे. हे सगळं सासूबाई करायच्या आणि मी हाताखाली. २४ तारखेच्या रात्री मिस्सेला बसलं की प्रवचन सुरू होताच मला डुलकी लागायची. वर्षातली सगळ्यात सुंदर रात्र, आणि मला दिसायची फक्त उशी.

यंदा ऑक्टोबरात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाटावर बसायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यामुळे नऊच्या नऊ प्रकार माझ्या गळ्यात पडणार हे उघड होतं, आणि ते मला जमणार नाही हेही तितकंच उघड होतं.

पहिल्या रविवारी जेवण झाल्यावर मी सगळ्यांना टेबलापाशीच थांबवलं. म्हटलं, प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची. काय नसलं तर नाताळ आला असं वाटणार नाही? थोरली म्हणाली, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा. धाकटा म्हणाला, कुलकुल. खायला नाही, वळायला. सासरे म्हणाले, विंदालू, म्हणजे व्हिनेगरमधला मांसाचा रस्सा, आणि तो करताना कोणी कोणावर ओरडायचं नाही. नवरा म्हणाला, २६ तारखेला उशिरापर्यंत झोप. सासूबाई म्हणाल्या, "सगळं."

पडद्यांचं नाव कोणीच घेतलं नाही. गुलाबाच्या बिस्किटांचंही नाही. ज्या कामांनी माझी कंबर मोडायची त्यातली निम्मी कोणाच्या लक्षातही नव्हती.

पण सासूबाईंचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्याकडून नाताळला ताटं जातात. शेजारी, ओळखीपाळखीत, दिवाळीला ज्यांच्याकडून फराळ येतो त्या सगळ्यांकडे. "त्यांनी दिवाळीला अनारसे धरून सात जिन्नस पाठवले, आणि आपण काय तीन पाठवायचे? लोकांना काय वाटेल?" मी यादी कमी करायची म्हटल्यावर त्या कादोडीत, आमच्या वसईच्या बोलीत, आणखी जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी सरळ शेजारच्या काकूंनाच विचारायचं ठरवलं. कुंपणापाशी त्या तुळशीला पाणी घालत होत्या. म्हटलं, "काकू, आमच्या ताटातलं तुमच्याकडे काय आवडीने संपतं?" त्या आधी "सगळंच छान असतं गं" म्हणाल्या. मी हटले नाही. मग हळूच म्हणाल्या, "रागावू नकोस. कुलकुल पहिल्या दिवशी संपतात. पण तेव्हा बहुतेक मार्गशीर्ष चालू असतो ना, अंड्याचं आम्हाला चालत नाही. केक मी कामवाल्या बाईच्या मुलांना देते. दरवर्षी."

दरवर्षी! भिजवलेला सुकामेवा, लोणी फेटून फेटून दुखणारे दंड, आणि केक कुंपणापलीकडून परस्पर दुसरीकडे रवाना. सासूबाईंना सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग खो खो हसत सुटल्या. "आणि मी त्यांच्यासाठी काजू जास्त घालायचे!" त्या हसण्यात यादी नऊवरून चारवर आली. कुलकुल, करंज्या, नानखटाई आणि घरापुरता एक केक. काकूंच्या ताटात केकऐवजी वसईची सुकेळी ठेवायची ठरली. उन्हात वाळवलेली ही केळी मधासारखी गोड लागतात, त्यांना उपासालाही चालतात, आणि मुख्य म्हणजे ती मला करावी लागत नाहीत.

मिल्क क्रीम सोडायला मात्र सासूबाई तयार नव्हत्या. दूध, साखर आणि काजूची पूड घोट घोट घोटायची. मिश्रण कढईचं बूड सोडेपर्यंत हात थांबवायचा नाही आणि मग गरम असतानाच साच्यात दाबायचं. गावातल्या बचत गटातल्या बायका ते विकतात. आम्ही त्यांच्याकडे मागणी नोंदवली. सासूबाईंनी पहिला तुकडा चाखला, "साखर जरा पुढे आहे" म्हणाल्या आणि दुसरा घेतला.

कुलकुल आम्ही एका शनिवारी दुपारी केले. यंदा अंडं अजिबात नाही. १ किलो मैदा, मूठभर रवा, चार चमचे कडकडीत तूप, २०० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, आणि पाण्याऐवजी नारळाचं दाट दूध. घट्ट मळून तासभर ओल्या फडक्याखाली ठेवायचं. मग गोटीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने पसरायची आणि एका टोकाकडून गुंडाळत आणायची. बाहेरून शिंपल्यासारख्या रेषा उमटतात. शेवटची कड नीट दाबली नाही तर तेलात कुलकुल उलगडतो आणि जिभेसारखा बाहेर येतो. धाकट्याचे निम्मे असेच झाले आणि तो त्यावर जाम खूश होता. काटे कमी पडले तेव्हा नवऱ्याने दुकानातून नवे कोरे कंगवे आणले. कंगव्यावर रेषा जास्त बारीक येतात, हे आमच्या सासऱ्यांचं संशोधन.

त्या दुपारी आमच्या गल्लीतल्या एक मावशी आल्या होत्या. त्यांचे यजमान पावसाळ्यात गेले. आमच्याकडे अशा वर्षी घरावर नाताळचा तारा, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचा कंदील, लावत नाहीत, गोडधोड करत नाहीत. इतर लोक ताट पाठवतात. पाठवायचं म्हणजे दारात ठेवायचं, दोन शब्द बोलायचे आणि निघायचं, कारण अजून दहा घरं बाकी असतात. यंदा सासूबाईंनी त्यांना फोन करून विचारलं, "ताट नेहमीसारखं येईलच. पण वळायला येतेस का? मला खाली बसता येत नाही, खुर्चीवर गप्पा मारायला कोणीतरी हवं." त्या आल्या. खुर्चीला खुर्ची लावून दोघी बसल्या आणि मावशींचा हात असा चालला की आम्ही बघतच राहिलो. बोलणं सगळं यजमानांबद्दलच होतं. ते केकच्या सुकामेव्यातले बेदाणे कसे चोरून खायचे, मिस्सेला नेहमी कसे उशीर करायचे. मुलं ऐकत होती. कोणी विषय बदलला नाही.

भेटींचंही आम्ही बदललं. दरवर्षी प्रत्येकाच्या बाकी सगळ्यांसाठी वेगवेगळ्या खरेद्या व्हायच्या. यंदा चिठ्ठ्या टाकल्या. आम्ही सहा आणि पुण्याहून येणारा दीर, अशा सात चिठ्ठ्या. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी नाताळपर्यंत गुपचूप काहीतरी करायचं आणि शेवटी एकच भेट, ३०० रुपयांच्या आत. माझ्या डब्यात चिक्की निघू लागली. सासऱ्यांचा चष्मा रोज पुसलेला असायचा. नवऱ्याच्या बुटांना कोणीतरी पॉलिश केलं, पण तपकिरी बुटांना काळं. त्यावरून गुपित त्याच दिवशी फुटलं. धाकटा आजही म्हणतो, ते मी नव्हतोच.

यातून जे पैसे वाचले ते चर्चमधल्या संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेला द्यायचे ठरवले. फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेलं हे काम धर्मग्रामाधर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, चालतं. घरी जाऊन विचारपूस करायची, लागेल ती मदत करायची, गवगवा करायचा नाही. मी फराळाची पाकिटं करून देते म्हटलं तर तिथल्या एक बाई म्हणाल्या, "डिसेंबरात केक इतके येतात की वाटताना पुरेवाट होते. जानेवारीत तांदूळ मागायला गेलं की सगळे नाताळच्या खर्चाने टेकीला आलेले असतात." म्हणून आम्ही ते पैसे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दिले. मुलांना आधी हे पटेना, सणाला द्यायचं ते सणानंतर कसं द्यायचं? पण तांदूळ, तेल, डाळ घ्यायला बरोबर आली तीच.

गोठ्यावरून थोडी वादावादी झाली. आमच्या भागात गोठ्यांच्या स्पर्धा असतात आणि नवऱ्याच्या डोक्यात मोटरवर चालणारा धबधबा होता. थोरलीने शाळेत ऐकलेलं त्याला ऐकवलं: संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी गोठा केला तेव्हा गवताने भरलेली गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव होतं, मोटर नव्हती. तिला नाचणी पेरायची होती. रात्रभर भिजवून पसरट ताटलीत मातीवर दाट पेरली की आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवळ येते, तीच गोठ्यातली कुरणं. रोज शाळेत जाण्याआधी ती फवारा मारायची. धबधबा रद्द झाला असं नाही, तो चांदीच्या कागदाचा झाला. बाळ येशूचा पुतळा २४च्या रात्रीपर्यंत डब्यात. तोपर्यंत धाकट्याने गव्हाणीत एक डायनोसॉर झोपवला होता. मी पाहिलं आणि राहू दिलं.

मध्यरात्रीच्या मिस्सेला सगळ्यांनी जायचं, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. मैदानात खुर्च्या, अंगावर शाली, पहाटेच्या दिशेने वाढत जाणारं दव. ऑपरेशननंतर सासूबाईंना ते झेपणार नव्हतं, पण हे त्यांना मी सांगून उपयोग नव्हता. सासरे म्हणाले, "मी तुझ्याबरोबर २५ला सकाळच्या मिस्सेला येतो." आयुष्यभर रात्रीच्या गायनमंडळात उभा राहिलेला माणूस! सासूबाईंना त्यापुढे काही बोलता येईना. रात्री आम्ही चौघं गेलो. विंदालू दोन दिवस आधीच शिजवून ठेवला होता. व्हिनेगर मुरलं की तो असाही जास्त चांगला लागतो. परत येऊन काहीच करायचं नव्हतं. प्रवचन मी पूर्ण ऐकलं. फादर जरा लांबवतात, हे मला यंदा कळलं.

२५ला दुपारी जेवण घरीच. जावेने फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे टम्म फुगणारे गोळे, तळून आणले, दिराने पुलाव. एरवी याच दिवशी आम्ही निर्मळ, गास, नंदाखाल, भुईगाव असे सगळे नातेवाईक उरकायचो, 'उरकायचो' हाच शब्द बरोबर. चर्चच्या हिशोबाने नाताळचा काळ २५ला सुरू होतो, संपत नाही. ६ जानेवारीला तीन राजांचा सण असतो. तेव्हा भेटी आम्ही तोपर्यंत पसरवल्या आणि तसं सगळ्यांना आधीच फोन करून कळवलं. नवऱ्याच्या आत्याबाई चिडल्या. "यंदा आम्ही रांगेत मागे का?" त्यांच्याकडे आम्ही वर्षाच्या शेवटच्या रविवारी गेलो, दुपारभर बसलो. त्यांनी जुने फोटो काढले, पत्ते काढले, आणि निघताना म्हणाल्या की इतकी वर्षं तुम्ही खुर्चीच्या टोकावर बसून सरबत पिऊन पळायचात. पण राग गेला म्हणाल्या नाहीत. पुढच्या वर्षी २५लाच या, असं म्हणाल्या.

सगळंच गोड झालं असं नाही. एका ओळखीच्या घरी आमचं चार जिनसांचं ताट पाहून "सून नोकरी करते ना" असं म्हटल्याचं आमच्या कानावर आलं. मला लागलं. सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त लागलं, आणि त्यांनी पुढल्या रविवारी चर्चबाहेर त्या बाईंना गाठून कुलकुलांमध्ये अंडं नव्हतं, नारळाचं दूध होतं, ते कसं काढतात, हे सविस्तर समजावून सांगितलं. दहा मिनिटं. त्या बाईंची रिक्षा गेली.

परवा तारा उतरवून माळ्यावर ठेवताना सासूबाई खालून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी गुडघा बरा असेल. दोदोल करूया गं, फार नाही, एकच ताट." मी म्हटलं, "आई, तेही चिठ्ठीवरच. ज्याच्या नावाने निघेल तो घोटेल." सासरे लगेच म्हणाले, पुढच्या वर्षी त्यांचं नाव चिठ्ठ्यांत घालू नका.