खवलं: तुरटीनं तारलं

कातडी टिकली! ‘खवलं’ या आमच्या सिनेमासाठी जिलेटिनची नकली कातडी बनवतोय, तिचा सकाळी चिकटवलेला तुकडा दुपारी चार वाजता हातावर जागच्या जागी होता. कडा उठल्या नव्हत्या, मनगटाकडे ओघळ नव्हता. हे इंदापुरात, मे महिन्यात, हॅलोजनसमोर आणि पंखा बंद ठेवून, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. कोपरापासून घसरून तळहातात गोळा झालेल्या त्या लगद्याचे फोटो ज्यांनी मागच्या वेळी पाहिलेत, त्यांना यातलं सुख कळेल.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सिनेमाची गोष्ट. तालुक्याच्या गावातला एक डॉक्टर भाजलेल्या पेशंटला चिलापीची कातडी लावतो. ही कल्पना हवेतली नाही. ब्राझीलमध्ये फोर्तालेझा शहरात भाजलेल्या रुग्णांवर तिलापियाची, म्हणजे आपल्या चिलापीचीच, कातडी ड्रेसिंग म्हणून लावून पाहिली आहे. तिच्यात कोलॅजन भरपूर असतं, ती जखमेला घट्ट धरते आणि रोजचं ड्रेसिंग सोलून काढायच्या यातना वाचतात. तिथं ती आधी ग्लिसरॉलमधून काढतात, किरणोत्सारानं निर्जंतुक करतात, मग वापरतात. आमचा डॉक्टर हा सगळा टप्पा गाळतो आणि वर स्वतःचं सीरम टोचतो. कातडी धरते, आणि मग पसरायची थांबतच नाही.

उजनीच्या काठावर राहणाऱ्याला चिलापीसाठी वणवण करावी लागत नाही. भिगवणच्या बाजारातून मोठे मासे आणले, खवलं काढली आणि सोललेली कातडी प्लॅस्टरच्या हातावर ताणून टाचली. खवल्यांच्या रिकाम्या खोबणींची ती जाळी हातानं कोरायला गेलो असतो तर दिवाळी उजाडली असती. साच्यासाठी टिनवालं, म्हणजे टिनच्या उत्प्रेरकानं घट्ट होणारं, सिलिकॉन घेतलं. कच्च्या माशावर प्लॅटिनमवालं धरेल याचा भरवसा नाही. प्लॅस्टरच्या हातासाठी नायकाच्या हाताचा ठसा दातांच्या डॉक्टरांच्या अल्जिनेटनं घेतला. उन्हाळ्यात पाणी बर्फाचंच घ्या, नाहीतर बादलीतच दगड होतो. साचा इतका देखणा उतरला की तो बघायला शेजारची पोरं येऊन गेली. मांजरंही आली, पण त्यांचा हेतू वेगळा होता.

आता मूळ दुखणं. नकली कातडीची कृती मागचीच: जिलेटिन एक भाग, ग्लिसरीन दोन, सॉर्बिटॉल दोन, पाणी जेमतेम भिजण्यापुरतं, रंग दाट व्हायला चिमूटभर झिंक ऑक्साइड. पाणी कमी ठेवलं की वितळायचं तापमान वर चढतं, हे सगळ्यांना माहीत आहे. थर्मोकोलवर ठेवून गच्चीवर उन्हात टाकलेला तुकडा थोडा मऊ पडला, पण आकार सोडला नाही. तोच हातावर लावला की पंधरा-वीस मिनिटांत रडायला लागायचा. म्हणजे नुसता उन्हाचा दोष नव्हता. घाम खालून शिरत होता. आपण काटकसरीनं काढलेलं पाणी नायकाचा हात परत भरत होता! वरून कितीही पावडर मारा, खालची बाजू चिखल.

यावर सल्ल्यांचा पाऊस पडला, त्याबद्दल आभार. पण काही गोष्टी एकदाच सांगून टाकतो. चायना ग्रास चालत नाही. वितळायला त्याला ऐंशीच्या वर तापमान लागतं हे खरं, पण ते ताणलं जात नाही. मूठ वळली की तडकतं आणि पाणी सोडतं. फॉर्मलिन सुचवणाऱ्यांना हात जोडून विनंती: ते जिलेटिन कडक करतं, कबूल, पण ते कर्करोगकारक आहे आणि आपण ते जिवंत माणसाच्या अंगावर बांधणार आहोत. आपला सिनेमा प्रयोग फसल्याचा आहे, शूटिंग तसं व्हायला नको. आणि प्लॅटिनम सिलिकॉनची कातडी हा उत्तम उपाय आहे, फक्त आमचं सगळं बजेट त्या एका हातात संपेल. त्यात एका ऑनलाइन विक्रेत्यानं पाठवलेला डबा मुदत उलटलेला निघाला. परतावा मागितला तर तो अजून ‘प्रक्रियेत’ आहे. त्यापेक्षा पुण्यात बोहरी आळीत जाऊन, डब्यावर ब्लूमचा (जिलेटिन किती घट्ट बसतं त्याचा) आकडा वाचून जिलेटिन घ्यावं. अडीचशेच्या खाली आकडा असेल तर त्याचं पुडिंग करा, कातडी नको.

तोडगा सुचवला आमच्या गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्या काकांनी. त्यांच्याकडे गेलो होतो हॅलोजनचा स्टँड मागायला. दुखणं ऐकून ते हसायलाच लागले. म्हणाले, “अरे, फिल्मवरचा मसाला म्हणजे तरी काय? जिलेटिनच. उन्हाळ्यात डार्करूममध्ये पाणी गरम असायचं, निगेटिव्हवरचं चित्र सुरकुतून सुटून यायचं. मग आम्ही हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करायच्या रसायनात, तुरटी घालायचो.”

मी तिथंच खाली बसलो. तुरटीतलं ॲल्युमिनियम जिलेटिनचे धागे एकमेकांना बांधतं, म्हणून फिल्म धुण्याच्या हार्डनरमध्ये पोटॅश तुरटी असायची, आणि उष्ण प्रदेशांसाठी तर क्रोम तुरटीची शिफारस असायची. (क्रोम तुरटी अंगाला लावायची नाही, तिच्या वाटेला जाऊ नका.) शिवाय साधी तुरटी घामही आवळते. न्हाव्याकडे दाढीनंतर आपण तीच फिरवून घेतो. एकाच खड्यात दोन्ही दुखण्यांचं औषध, आणि तो खडा किराणा दुकानात चहाच्या पैशात मिळतो.

केलं ते असं. नायकाच्या हातावर आदल्या दिवशी छोट्या जागी तुरटी लावून पाहिली, लाली आली नाही. मग पूर्ण हात तुरटीच्या पाण्यानं पुसून कोरडा केला. तुकड्याच्या फक्त खालच्या बाजूला पाच टक्क्यांचं द्रावण ब्रशनं फिरवलं आणि चिकटपणा जाईपर्यंत वाळू दिलं. बोट लावल्यावर फरक कळतो. आधी लोण्यासारखं दबायचं, आता नख उमटून परत वर येतं. मग प्रोसएड (अंगावर चिकटवायचा मेकपचा गोंद) आणि वरून पावडर.

पण फुकट काहीच नाही. तुरटी लागलेल्या कडा विरघळत नाहीत. साध्या जिलेटिनची कड कोमट पाण्याच्या ओल्या बड्सनं पुसली की कातडीत मुरते, जोड दिसत नाही. तुरटीवाली कड मात्र लिफाफ्याच्या कडेसारखी उभीच राहते, आणि क्लोजअपमध्ये सगळा बोऱ्या वाजतो. म्हणून कडेची करंगळीभर पट्टी कोरी सोडायची, द्रावण मधल्या भागातच. कडांना घामाचा त्रास होतोच, पण मेकपवाली दर शॉटआधी ओला बड्स फिरवते नि काम भागतं. द्रावण जास्त झालं तर तुकडा पांढुरका पडतो नि कडक होतो, हेही लक्षात असू द्या.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली, आणि तिसऱ्या रीळमधला मोठा प्रसंग आता बदलणार बहुतेक. पेशंटची माणसाची कातडी गळून आतून माशाची दिसते, तो प्रसंग आम्ही कटवर निभावणार होतो. आधी साधा हात, मग नर्सची किंकाळी, मग खवल्यांचा हात. पण आता आपल्याकडे एकाच जिलेटिनचे दोन स्वभाव आहेत! प्लॅस्टरच्या हातावर आधी तुरटी मुरवलेली चिलापीची कातडी चढवायची, तिच्यावर पातळ थर कोऱ्या जिलेटिनचा, माणसाच्या रंगाचा, केसांसकट. बाजूनं हेअर ड्रायर. वरचा थर ओघळून जाईल, खालचा उभा राहील. कट नाही, कॉम्प्युटर नाही. वितळायला वेळ लागेल, म्हणून सेकंदाला पाच फ्रेमनं घ्यायचं आणि पंचवीसनं दाखवायचं. शटर एक पन्नासांशच ठेवायचं, नाहीतर ट्यूबलाइटचे पट्टे येतील. दोन थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये एरंडेलाचा हात फिरवावा, असं वाटतंय. कुणी करून पाहिलं असेल तर सांगा, मी रविवारी छोट्या तुकड्यावर बघतोच आहे.

रक्ताबद्दल फार लिहीत नाही. लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग, थोडा कोको. रंग छान आहे. पण हा रंग जिलेटिनमध्ये झिरपतो आणि दुसऱ्या टेकपर्यंत कातडी गुलाबी होते, त्यामुळे रक्त लागणारे शॉट शेवटी. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

लोकेशन पक्कं झालं आहे: बंद पडलेला एक दवाखाना, हिरवट ऑइलपेंट, भिंतीला ओल. मालकांची एकच अट, मासे आत आणायचे नाहीत. तिथल्या ट्यूब मात्र सगळ्या एलईडी आहेत, त्या एकतर लागतात नाहीतर नाही. मला तो जुना चोक-स्टार्टरवाला फडफडाट हवा आहे, टोकं आधी तांबूस होऊन मग भपकन पेटणारा. बारामती, दौंड, टेंभुर्णी भागात कुणाच्या माळ्यावर अशी जुनी पट्टी धूळ खात पडली असेल तर स्टार्टरसकट ठेवून द्या. मी येऊन घेऊन जाईन.