छोटा पॉलिप, करंट आणि आठवड्याने आलेलं रक्त

मी एंडोस्कोपी टेक्निशियन आहे, म्हणजे दुर्बीण डॉक्टर चालवतात आणि स्नेअरची, म्हणजे आतड्यातली गाठ कापायच्या फासाची, तार उघडणं-आवळणं माझ्या हातात असतं. परवा सकाळी इमर्जन्सी आली, साठीचे काका, संडासवाटे ताजं रक्त, बीपी पडलेलं, चेहरा पांढराफटक. आठवड्यापूर्वी दुसरीकडे त्यांच्या मोठ्या आतड्यातला सात एमएमचा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली छोटी गाठ, तारेला करंट लावून काढला होता, त्यात अँजिओप्लास्टीमुळे क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू. आत बघितलं तर जळालेल्या जागी व्रण आणि मधोमध रक्तवाहिनीचं टोक, त्यातून ठिबकतंय. डॉक्टर सरांनी रक्तवाहिनी दाबून धरणाऱ्या दोन क्लिप लावल्या, थांबलं एकदाचं.

बाहेर काकू विचारत होत्या, "अहो, त्या दिवशी तर एक थेंबसुद्धा रक्त नव्हतं, मग आता कसं?" त्यांना समजावलं की करंटने जागा भाजली जाते म्हणून तेव्हा रक्त दिसत नाही, पण उष्णता खालच्या थरातल्या धमनीपर्यंत पोचते आणि खपली पडली की काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनीसुद्धा, रक्त सुरू होतं.

योगायोगाने दुपारच्या लिस्टवर तेवढ्याच साइजचा पॉलिप होता. सर म्हणाले, कोल्डच करू, म्हणजे करंट न लावता नुसत्या तारेने कापायचं. पॉलिपच्या भोवतीचं एक-दोन एमएम चांगलं अस्तरही तारेत घेतलं आणि न थांबता आवळत गेलो, कट् झालेलं हाताला कळतंच. रक्त आलं. पेशंट जागे होते, स्क्रीनवर लाल बघून घाबरले बिचारे. सरांनी पाण्याचा फवारा मारला, जागा फुगली, कडा स्वच्छ दिसल्या, काही शिल्लक नव्हतं आणि थोड्या वेळात रक्त आपोआप थांबलं. पॉलिप सक्शनने ओढून ट्रॅपच्या डबीत आला, तपासायला पॅथॉलॉजीला गेला.

2023 मध्ये तैवानचा चार हजारांहून जास्त लोकांवरचा अभ्यास आला, चार ते दहा एमएमच्या पॉलिपचा, त्यात नंतरचं ब्लीडिंग कोल्डमध्ये 0.4 टक्के आणि करंटमध्ये 1.5 टक्के होतं. नुसत्या फोर्सेप्सने, म्हणजे बारीक चिमट्याने, तोडून काढणं मला एक-दोन एमएमच्या दाण्यापुरतंच पटतं, त्याहून मोठा असेल तर तुकडे मागे राहतात आणि तिथेच परत वाढतो. देठ असलेल्या मोठ्या पॉलिपला मात्र करंट लागतोच, तिथे वाद नाही.

संध्याकाळी काकांचं बीपी वर आलं. रक्त पातळ करणारी गोळी परत कधी सुरू करायची ते कार्डिओलॉजीवाल्यांशी बोलून ठरेल, तोवर काकूंनी स्वतःच्या मनाने काही बंद-चालू करू नये एवढं दोनदा सांगून आलो.