शेवटी जाळायचंच आहे ना?

"वहिनी, शेवटी जाळायचंच आहे ना? मग पट्टी कशाला लावताय?"

भाऊजींनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी लाकूड कापायच्या घोडीवर आडव्या टाकलेल्या फांदीवर खडूने रेघा मारत होते. पुढे हाच प्रश्न शेजाऱ्यांनी विचारला, पाहुण्यांनी विचारला, लाकूड टाकायला आलेल्या ड्रायव्हरनेही हसत हसत विचारला. दर वेळी "सवय आहे हो" म्हणून मी वेळ मारून नेली. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जळणाचं लाकूड मी मोजून का कापते, ते एकदा नीट सांगते.

घर उबदार ठेवायला आमच्याकडे लाकडावरचा बंद दाराचा स्टोव्ह आहे. त्याचं पोट आतून ४२ सेंटिमीटर रुंद आहे आणि मी लाकूड ३५ सेंटिमीटरचं कापते. पहिल्या हिवाळ्यात मात्र मी सगळं नजरेच्या अंदाजाने कापलं होतं. नजर मोकळ्या अंगणात लाकूड बघते, स्टोव्हचं पोट बघत नाही. एका रात्री चांगल्या फुललेल्या निखाऱ्यांवर ओंडका ठेवला आणि दार लावायला गेले, तर दोन बोटं लाकूड बाहेर राहून दार अडलं. ओंडका तिरका केला, उलटा केला, ढकलला. तोवर त्याने पेट घेतला होता आणि खोलीभर धूर झाला होता. शेवटी पेटलेलं लाकूड चिमट्यात धरून, घरातून वाट काढत, अंगणात नेऊन टाकलं. त्या रात्री जे शिकले ते हे, की लाकूड दोन बोटं आखूड असलं तर काही बिघडत नाही, दोन बोटं लांब असलं तर ते जळणच नव्हे.

मग ४१ का नाही, ३५च का? लाकडाच्या दोन्ही टोकांना हवा फिरायला जागा लागते, आणि हातमोजा घातलेल्या हाताला ते ठेवायलाही जागा लागते. आणखी आखूड, म्हणजे २५चं कापलं तर ते लवकर वाळतं, कारण लाकडातलं पाणी आडव्या अंगापेक्षा टोकांतून दहा-पंधरा पट वेगाने बाहेर पडतं. झाडाच्या आत पाणी मुळापासून वर ज्या बारीक नळ्यांतून चढत असतं, त्याच नळ्या कापलेल्या टोकाला उघड्या पडतात. पण २५चे तुकडे करायचे म्हणजे काप जास्त, भुसा जास्त आणि पाठीचं दुखणंही जास्त. म्हणून माझं माप ३५वर स्थिरावलं. तुमच्या स्टोव्हचं वेगळं असेल. आधी त्याचं पोट मोजा आणि त्यातून चार बोटं वजा करा.

मापायला टेप नको. करवत, मोजे आणि भुसा यांच्यात टेप फार दिवस जगत नाही. एक सरळ काठी ३५ सेंटिमीटरला तोडून घ्यावी आणि तिला भडक रंग द्यावा. रंग देणं महत्त्वाचं आहे, कारण माझी पहिली मापकाठी मी स्वतःच्या हाताने स्टोव्हमध्ये घातली. दिसायला ती एक फाटीच होती.

ती जळाली त्या दिवशी मी शहाणपणा केला. नवी काठी करण्याऐवजी आत्ताच कापलेला तुकडा पुढच्या ओंडक्याला लावून खूण केली, मग त्या नव्या तुकड्यावरून पुढची. दर वेळी खडूची रेघ तुकड्याच्या पलीकडे पडते आणि करवत रेघेच्या पलीकडे बसते. जेमतेम अर्धा सेंटिमीटर. पण डझनभर तुकडे झाले तेव्हा शेवटचा ४१ भरला. कानगोष्टींच्या खेळात शेवटच्या कानात भलतंच वाक्य पोहोचतं ना, तसं. तेव्हापासून मागच्या तुकड्यावरून पुढचा मोजणं बंद. माप एकच, आणि ते दर वेळी मूळ काठीवरूनच.

करवतीच्या जाडीचाही हिशेब असतो. चेनसॉ, म्हणजे साखळीची यंत्रकरवत, एका कापाला साधारण ९ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. साडेतीन मीटरच्या खोडात ३५चे दहा तुकडे बसतात असं कागदावर दिसतं. पण एक काप घेऊन नव्या टोकापासून पुन्हा ३५ मोजत गेलात, तर नऊ कापांत ८ सेंटिमीटर भुसा होतो आणि शेवटचा तुकडा २७चा उरतो. सगळ्या रेघा आधीच मारून घेतल्या तर तोच तोटा सगळ्यांत वाटला जातो आणि प्रत्येक तुकडा सुमारे ३४चा येतो. म्हणूनच भाऊजींना मी आधी सगळ्या रेघा मारताना दिसले.

कापण्याबद्दल फार लिहीत नाही, ते वाचून शिकायचं काम नव्हे. एवढंच सांगते, की लाकूड दोन्ही टोकांना टेकलेलं असेल तर मधे वरून कापताना चीर मिटते आणि पातं आत चिमटलं जातं. एक टोक अधांतरी असेल तर उलटं, खालची बाजू दाबाखाली असते. दाबाकडच्या बाजूने आधी थोडं कापायचं आणि मग दुसऱ्या बाजूने येऊन पुरं करायचं. आणि चेनसॉच्या पात्याच्या टोकाची वरची बाजू कशालाही लागू द्यायची नाही. ती लागली की सगळं यंत्र उसळून तोंडाकडे येतं.

फोडणं मात्र माझ्या आवडीचं. ओंडका उभा केला की त्याच्या तोंडावर बारीक चिरा दिसतात. कुठे फुटायचं हे लाकूड आधीच सांगत असतं, आपण कुऱ्हाड तिथे पोहोचवायची. मोठ्या घेराच्या ओंडक्याला मध्यावर घाव घालत बसू नये, कडेकडेने ढलप्या काढत आत यावं. गाठीवर जिद्द करू नये. गाठ म्हणजे तिथून निघालेल्या फांदीचं मूळ. तिथे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. असे तुकडे मी बाजूला ठेवते, आणि थंडीच्या रात्री सावकाश जळायला तेच उपयोगी पडतात.

आता राशीचं माप. यात माणसं सर्वांत जास्त फसतात. लाकूड ढीग म्हणून बघितलं तर भरपूर दिसतं आणि थप्पी रचली की हवा निघून जाते. उत्तर अमेरिकेत लाकडाचं माप 'कॉर्ड' आहे. कॉर्ड म्हणजे दोरी, नावातच आहे. ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब अशी नीट रचलेली थप्पी, म्हणजे १२८ घनफूट. त्यातलं खरं लाकूड मात्र ८५ घनफुटांच्या आसपास, बाकी तिसरा हिस्सा हवा. फ्रान्समध्ये १७९५ साली नवी दशमान मापं ठरली तेव्हा मीटर, लिटर, ग्रॅम यांच्या पंगतीत जळाऊ लाकडासाठी 'स्टेर' हे वेगळं माप बसवलं गेलं. एक मीटर लांब, रुंद आणि उंच थप्पी म्हणजे एक स्टेर. जळणासाठी कुणाला तरी स्वतंत्र माप करावंसं वाटलं, हे वाचून मला माझ्या काठीचा जरा अभिमानच वाटला.

पण या स्टेरमध्ये एक गंमत आहे. एक मीटर लांबीच्या लाकडांची एक घनमीटर थप्पी घ्या. तीच लाकडं अर्ध्या मीटरची करून पुन्हा रचली तर थप्पी सुमारे ०.८ घनमीटर होते, ३३ सेंटिमीटरची केली तर ०.७. लाकूड कुठे गेलं? कुठेही नाही. लांब लाकूड वाकडं असतं आणि दोन वाकड्या लाकडांमध्ये मोठी पोकळी राहते. तेच कापलं की बाक तुकड्यातुकड्यांत वाटला जातो आणि तुकडे एकमेकांना बिलगून बसतात. भुशाचा वाटा यात अगदी थोडा. तेव्हा नुसतं "इतके घनमीटर लाकूड" हे बोलणं अर्धवट आहे. किती लांबीचं, आणि रचलेलं की ओतलेलं, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. एकदा मीच न विचारता ओतलेला ढीग घेतला होता. रचून बघितला तर मनात धरलेल्या थप्पीच्या दोन तृतीयांश भरला. देणाऱ्याने फसवलं असं म्हणता येत नव्हतं; त्याने घनमीटर सांगितले होते आणि घनमीटर दिले होते.

शेवटचं माप ओलाव्याचं, आणि माझ्या मते हेच खरं माप. 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' म्हणतात. जळतं खरं, पण सुक्याच्या जिवावर. गेल्या वर्षी मी एक ताजा फोडलेला तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. तो २ किलो ४०० ग्रॅम भरला. पेन्सिलने त्याच्या तोंडावर वजन आणि तारीख लिहून तो थप्पीच्या मधोमध, हात पोहोचेल असा ठेवला. वजन उतरायचं थांबलं तेव्हा तो १ किलो ६०० ग्रॅम होता. एका तुकड्यातून पाऊण लिटरहून जास्त पाणी गेलं होतं, आणि अशा शेकडो तुकड्यांची ती थप्पी होती.

एवढं पाणी उकळून घालवायला त्या तुकड्याच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा लागतो, असा माझा हिशेब आला. म्हटलं, एवढंच? मग कळलं की खरा तोटा तिथे नाहीच. लाकूड तापलं की त्याचा मोठा भाग वायू होऊन निघतो आणि ज्वाळा म्हणजे हे वायू जळणं. ओलं लाकूड चूल थंड ठेवतं, मग हे वायू न जळताच वर जातात, धुराड्याच्या गार भिंतीला लागून डांबरासारखे चिकटतात, आणि एखाद्या दिवशी तिथेच पेट घेतात. धूर म्हणजे फुकट गेलेलं जळण, आणि वर धोका.

ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र मिळतं. त्याच्या सुया लाकडाच्या बाहेरच्या तोंडाला लावू नका, ते तोंड कधीच वाळलेलं असतं. तुकडा नव्याने फोडा आणि आतल्या अंगाला, मधोमध लावा. २० टक्क्यांच्या खाली आलं की चालेल. मात्र हा आकडा बहुतेक यंत्रं कोरड्या लाकडाच्या वजनाशी तोलून देतात. एक किलोच्या तुकड्यात २०० ग्रॅम पाणी असेल तर आपण ते पूर्ण किलोशी तोलून २० टक्के म्हणू, यंत्र उरलेल्या ८०० ग्रॅम कोरड्या लाकडाशी तोलून २५ म्हणेल. दोघंही खरं बोलतात, म्हणून भांडण लागतं.

मला मात्र काटाच बरा वाटतो. या वर्षी तीन तुकडे ठेवलेत, एक बारीक, एक मध्यम, एक गाठीचा. बारीक तुकडा तीन रविवार एकाच वजनावर थांबलाय. मध्यम गेल्या रविवारी १ किलो ७८० भरला, त्याच्या आदल्या रविवारी तो १ किलो ८२० होता. अजून उतरतोय, तेव्हा ती थप्पी इतक्यात आत आणायची नाही.