शून्य कसलं लिहायचं?

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा, उत्तरा नक्षत्र लागलेलं. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर पोचलो तर धुक्याचा पत्ता नाही. पावसाने आठ दिवस उघडीप दिली होती.

आमचं काम ऋतुनोंदीचं. ठरलेल्या चौकटींत दर सात दिवसांनी कोणती वनस्पती कळीत, फुलात किंवा फळात आहे ते लिहायचं. चौकट पीव्हीसी पाइपची, एक मीटर बाय एक मीटर, दोऱ्याने २५ खण पाडलेली. ती दर खेपेला त्याच जागी पडली पाहिजे. नुसत्या जीपीएसच्या भरवशावर राहिलं तर फसगत ठरलेली, कारण त्याची चूकच तीन ते पाच मीटरची, चौकटीहून मोठी. म्हणून समोरासमोरचे दोन कोपरे जांभ्याच्या भेगेत बसवलेल्या खिळ्यांवर जुळवतो. उभं राहायचं ते उघड्या कातळावर. मातीवर पाय पडला तर पुढच्या आठवड्याची नोंद आपणच बिघडवून ठेवतो.

गेंद या पांढऱ्या रानफुलाचा अख्खा चेंडू एक धरायचा, कारण तो बारीक फुलांचा गुच्छ असतो. हे आधी ठरलं नसेल तर दोघांचे आकडे जुळत नाहीत.

सातव्या चौकटीत मागच्या खेपेला सीतेची आसवं ही इवली जांभळी रानफुलं जवळपास प्रत्येक खणात फुललेली होती. आज एकही फूल नाही. सोबतच्या मुलाने ‘मोसम संपला’ लिहायला पेन्सिल टेकवली. म्हटलं, थांब, आधी भिंग काढ.

आसवांचा दांडा खालून वर फुलत जातो. फूल होऊन गेलं की त्यामागची दोन दलं वाढतात आणि बोंडाला झाकून घेतात. इथे दांड्यावरची खालची एक-दोन बोंडं भरलेली होती, पण वरच्या कळ्या चपट्या, तपकिरी, न उमलताच वाळलेल्या. दांड्यामागून दांडा पाहिला, सगळीकडे तेच.

लोखंडी सळई टोचली तर माती जेमतेम दोन बोटं. सहा पावलांवरच्या खोलगटात माती वीतभर, आणि तिथे तीच आसवं भर फुलात.

सोबतच्या स्थानिक मामांना विचारलं, “मामा, वरच्या कातळाचा पाझर कधी आटला?”

“चार दिस झालं, ताई.”

आसवांना खरी मुळंच नसतात. मातीतल्या सूक्ष्म फुग्यांत ती बारीक जीव पकडतात, आणि फुगे चालतात ते पाणी असेपर्यंतच. वायतुरा या इथल्याच दुसऱ्या वनस्पतीचा कंद जमिनीत तग धरतो. आसवांना मात्र रुजण्यापासून बी टाकण्यापर्यंत एकच पावसाळा मिळतो. अडलेल्या कळ्या म्हणजे त्या चौकटीत पुढच्या वर्षीचं बी कमी.

म्हणून आमच्या तक्त्यात शून्य तीन प्रकारचं आहे: ‘अजून नाही’, ‘होऊन गेलं’, ‘मध्येच अडलं’. तिन्ही एकाच रकान्यात गेली तर दहा वर्षांनी कुणीतरी मोसम आखूड झाला असं गणित मांडेल, आणि खरं कारण, आठवडाभराची उघडीप आणि दोन बोटं माती, त्याला कुठेच सापडणार नाही. मला ही चूक फार गंभीर वाटते, कारण ती मागाहून दुरुस्त करता येत नाही.

सातव्या चौकटीत ‘अडलं’ लिहिलं, शेजारी मातीची खोली आणि पाझराचा दिवस. दहा दांड्यांना लाल दोऱ्याचे सैल फास घातले आणि पुढची खेप सातऐवजी तिसऱ्या दिवशी ठेवली.