टोरांटोला निघालेला संसार
आज भाचीचं सामान बांधलं. कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना मिळालाय, कायमचीच चाललीय पोर. कुरिअरवाल्याने वजनकाट्याच्या आधी टेप काढली. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000. म्हणजे 60 × 40 × 40 चं खोकं 19.2 किलोचं धरणार, आत नुसत्या उशा असल्या तरी! उशा तिथेही मिळतात, काढून टाकल्या. आजीची गोधडी मात्र जाणारच. व्हॅक्यूमच्या पिशवीत घालून हवा काढली, चांगली चपटी झाली. कुकरच्या पोटात वाट्या, वाट्यांत मोजे. मिक्सरला ताईला ठाम नाही म्हटलं, तिकडे वीज 120 व्होल्टची, आपला मिक्सर त्यावर नीट चालायचा नाही.

पुस्तकं आणि घाई नसलेलं सगळं न्हावा शेव्याहून बोटीने. तिथे हिशेब घनमीटरवर. भाव ठरवताना एक विचाराच, तिकडच्या बंदरावरचा खर्च यात धरलाय का? स्वस्त दर तिथेच फुगतो.

आणि हे तर प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटतं. कॅनडात स्थायिक व्हायला पहिल्यांदा उतरताना, मागून येणाऱ्या सामानाची यादी किमतींसकट कस्टमला द्या आणि शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. यादीतलं आपलं वापरातलं सामान मग सहसा ड्यूटीशिवाय सुटतं. ताईचा जुना कुकर म्हणूनच चाललाय, नवा नाही घेतला.

कुणाचं लेकरू निघत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, आमच्या यादीचा नमुना पाठवते.