पण ते तर ख्रिश्चनच होते ना?

"पण ते तर ख्रिश्चनच होते ना, मग?" भाचीने पटकन विचारलं आणि मला काही उत्तरच देता येईना.

तिला ग्नाडेनहुटेनबद्दल सांगत होते. अमेरिकेत ओहायोतलं, ख्रिश्चन झालेल्या डेलावेअर या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांचं गाव, मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांनी वसवलेलं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात हे लोक कुणाच्याच बाजूने शस्त्र उचलायला तयार नव्हते, त्यामुळे संशय दोन्हीकडून. १७८१ मध्ये इंग्रजांच्या बाजूच्या लोकांनी त्यांना ओहायोतच दूर सँडस्कीकडे हाकललं, मका शेतात तसाच उभा राहिला. हिवाळ्यात उपासमार व्हायला लागली तेव्हा बरेच जण तोच मका काढायला परत आले आणि पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकन नागरिकांच्या सैन्याच्या हाती लागले.

स्वतःच पेरलेला मका हो! पोरंबाळं घेऊन आले होते.

मारायचं की नाही यावर चक्क मतदान झालं. ते कळल्यावर हे लोक रात्रभर प्रार्थना करत, स्तोत्रं गात बसले आणि ८ मार्च १७८२ ला ९६ जणांना मारून टाकलं, त्यात ३९ मुलं. त्यांचे मिशनरी डेव्हिड झाइसबर्गर तिथे नव्हतेच, हेरगिरीच्या संशयावरून इंग्रजांनी त्यांना डेट्रॉइटला बोलावलं होतं. शिक्षा कुणालाच झाली नाही.

त्या मतदानात थोडे शिपाई 'नाही' म्हणाले होते आणि बाजूला झाले. घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं असेल?